वेब सर्व्हर काही फंक्शनं पदरची का बाळगतो?

एखाद्या संकेतस्थळाच्या शोधपेटीत कुणी ‘मराठी’ हा शब्द लिहून एंटर दाबतं. आपल्याला त्यात पाच खुणा दिसतात: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत यातल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून सर्व्हरच्या हाती पंधरा बाइट पडतात. त्यातला अगदी पहिला, ‘म’चा पहिला बाइट, २२४ या किमतीचा असतो.

सर्व्हर सी भाषेत लिहिलेला आहे. मजकुरात मोकळी जागा कुठे आहे हे पाहायला तो सीच्या लायब्ररीतलं ‘इझस्पेस’ हे फंक्शन प्रत्येक बाइटवर चालवतो. इथे गोची होते. सीमध्ये एक बाइट ठेवणाऱ्या ‘कॅर’ या प्रकारात ऋण संख्या मावतात की नाही, हे भाषेच्या प्रमाणकाने ठरवलेलंच नाही. ते कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा कार्यक्रम) आणि यंत्रावर सोडलं आहे. इंटेलच्या संगणकांवर कॅरमध्ये ऋण संख्या असतात, त्यामुळे तिथे १२७ च्या पुढच्या किमतीतून २५६ वजा होतात आणि २२४ उणे ३२ म्हणून वाचला जातो. आणि ‘इझस्पेस’ बहुतेक ठिकाणी आतून एक तक्ता असतो: तुम्ही आकडा द्या, तो त्या क्रमांकाचं घर पाहून उत्तर देतो. उणे बत्तीसावं घर तक्त्यात नसतंच. काही लायब्रऱ्या सावधगिरी म्हणून तक्त्याच्या अलीकडेही घरं बांधून ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीची चाचणीसाठीची आवृत्ती कार्यक्रम जागीच थांबवते. इतर कुठे काय होईल, त्याची हमी प्रमाणक देत नाही.

इंग्रजी मजकुरात हा दोष कधीच दिसत नाही, कारण इंग्रजी अक्षरं १२७ च्या आत संपतात. तो नेमका देवनागरीत, अरबीत, चिनीत बाहेर येतो. म्हणून अपाचे या मुक्त वेब सर्व्हरच्या कोडमध्ये ‘इझस्पेस’ थेट वापरत नाहीत. ‘एपीआर_इझस्पेस’ वापरतात. ती जेमतेम एका ओळीची व्याख्या आहे: आलेला बाइट आधी धन संख्या म्हणून वाचायचा, मगच मूळ फंक्शनकडे द्यायचा. बस्स, एवढंच.

अशी पदरची छोटी फंक्शनं अपाचेत शेकड्यांनी आहेत. नवख्या माणसाला ती पाहून प्रश्न पडतो की सीबरोबर एवढी तयार लायब्ररी मिळत असताना पुन्हा सगळं घरी का केलं? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात सर्व्हर लिहिण्याची अर्धी विद्या आहे.

थोडा इतिहास. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅककूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये ते तिथून गेले आणि काम थंडावलं. तो सर्व्हर वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या करतच होते; १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी त्या एकत्र केल्या आणि त्यातून अपाचे उभा राहिला. १ डिसेंबर १९९५ ला त्याची १.० आवृत्ती आली. दुरुस्त्या पाठवणाऱ्यांकडे तऱ्हेतऱ्हेच्या कार्यप्रणाल्यांची यंत्रं होती: सोलारिस, आयरिक्स, एचपी-यूएक्स, लिनक्स, बीएसडी. सगळी युनिक्सच्या गोतावळ्यातली, पण प्रत्येकाची खोड वेगळी. १९९८ च्या १.३ आवृत्तीत विंडोजही आलं, आणि विंडोज तर या गोतावळ्यातलंच नव्हे. कोडमध्ये जागोजागी ‘हे यंत्र असेल तर असं, ते असेल तर तसं’ अशी कलमं साचली. ती सगळी एका जागी गोळा करून वेगळी लायब्ररी केली, तिचं नाव अपाचे पोर्टेबल रनटाइम, म्हणजे एपीआर. २००२ च्या एप्रिलमध्ये अपाचे २.० सर्वांसाठी आला तो तिच्यावरच उभा होता. २००४ मध्ये तिची स्वतःची १.० आवृत्ती निघाली. सबव्हर्जन ही आवृत्त्या सांभाळणारी प्रणालीही तिच्यावरच बांधलेली आहे.

आता एकेक फंक्शन उघडून पाहू.

सीमध्ये मजकुराची लांबी कुठे लिहिलेली नसते. अक्षरांच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट असतो, तो आला की मजकूर संपला. तो शेवटचा शून्य हरवला, तर वाचणारं फंक्शन पुढच्या मेमरीत चालत राहतं आणि तिथे जे असेल ते, कुणाचा पासवर्डसुद्धा, मजकूर म्हणून उचलतं. मजकूर एका डब्यातून दुसऱ्यात ओतण्यासाठी ‘स्ट्रकॉपी’ आहे. त्याला दुसरा डबा केवढा आहे हेच माहीत नसतं, मजकूर मोठा असला की तो उतू जातो. मग लोक ‘स्ट्रएनकॉपी’कडे वळतात, कारण त्याला डब्याचं माप सांगता येतं. सुरक्षित वाटतं. ते सुरक्षित नाही.

स्ट्रएनकॉपी जन्मालाच वेगळ्या कामासाठी आलं. जुन्या युनिक्समध्ये फोल्डरच्या नोंदीत फाइलच्या नावासाठी बरोबर १४ बाइटांची चौकट असे. नाव लहान असेल तर उरलेली चौकट शून्यांनी भरायची. नाव पूर्ण १४ अक्षरांचं असेल तर शेवटच्या शून्याची गरजच नाही, कारण चौकटीचं माप ठरलेलं. त्या कामासाठी हे वागणं अगदी बरोबर होतं. पण सर्व्हरमध्ये तेच फंक्शन वापरलं की दोन्हीकडून नुकसान. मजकूर डब्याएवढा किंवा मोठा असेल तर शेवटचा शून्य लावलाच जात नाही. आणि आठ हजार बाइटांच्या डब्यात दहा अक्षरं टाकली तर उरलेल्या सगळ्या जागेत ते शून्यं लिहीत बसतं, प्रत्येक विनंतीला.

अपाचेचं ‘एपीआर_कॉपीस्ट्रएन’ या दोन्ही गोष्टी सुधारतं. शेवटी शून्य लावतंच. उरलेली जागा भरत बसत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते: मजकूर जिथे संपला त्या जागेचा पत्ता ते परत देतं. स्ट्रएनकॉपी डब्याच्या सुरुवातीचा पत्ता परत देतं, जो बोलावणाऱ्याकडे आधीच असतो. शेवटाचा पत्ता मिळाला की पुढचा तुकडा तिथूनच जोडता येतो, आणि डबा काठोकाठ भरला का, म्हणजे मजकूर कापला गेला असण्याची शक्यता आहे का, हेही एका वजाबाकीत कळतं.

ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या मंडळींनी याच दुखण्यावर १९९८ मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ काढलं. ते मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत देतं, त्यामुळे कापाकापी झाली की नाही ते नक्की कळतं. पण त्यासाठी मूळ मजकूर शेवटपर्यंत मोजावा लागतो. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी लायब्ररीत ते यायला २०२३ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं ज्याला ते हवं होतं त्याने आपापल्या कोडमध्ये त्याची प्रत ठेवली. पदरचं बाळगण्याचं एक साधं कारण हेही आहे: प्रमाण लायब्ररी बदलायला एक पिढी जाते, सर्व्हर आज चालवायचा असतो.

‘एसएनप्रिंटएफ’ची कथा अशीच. साच्यात आकडे आणि शब्द बसवून मजकूर तयार करणारं हे फंक्शन सीच्या प्रमाणकात १९९९ मध्ये आलं. त्याआधी ते बऱ्याच यंत्रांवर होतं, पण डबा अपुरा पडला तर काय उत्तर द्यायचं याबद्दल एकमत नव्हतं. प्रमाणक म्हणतं, पुरती जागा असती तर किती अक्षरं लिहिली गेली असती ते सांगा. जुनी ग्लिबसी उणे एक सांगायची. मायक्रोसॉफ्टचा अवतारही उणे एक सांगायचा आणि वर शेवटचा शून्यही लावायचा नाही. प्रमाणकाबरहुकूम वागणारं फंक्शन तिथे २०१५ च्या व्हिज्युअल स्टुडिओपासून मिळू लागलं. समजा तुम्ही परत आलेला आकडा ‘इतकं लिहून झालं’ असं मानून पुढचा तुकडा तितक्या अंतरावर लिहिलात. एका यंत्रावर तुम्ही डब्याच्या पलीकडे लिहाल, दुसऱ्यावर डब्याच्या एक घर अलीकडे. म्हणून अपाचेने साचा भरणारं यंत्रच स्वतःचं ठेवलं. ते प्रत्यक्षात किती लिहिलं तेच सांगतं, आणि सगळीकडे तेच.

या सगळ्या फंक्शनांची हमी बाइटांची आहे, अक्षरांची नाही, हेही सांगायला हवं. ‘मराठी’चे पंधरा बाइट बारा बाइटांच्या डब्यात कापून भरले, तर शेवटचा शून्य सोडून अकरा मावतात: म, र, काना पूर्ण, आणि ‘ठ’चे तीनपैकी दोन बाइट. स्मृती सुरक्षित, शून्य जागेवर, सर्व्हर शाबूत. पण पडद्यावर ‘ठ’च्या जागी तुटका चौकोन. त्याची काळजी वरच्या थरातल्या कोडने घ्यायची असते, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्याने ती विसरून चालत नाही.

सीमधली बरीच फंक्शनं संगणकावर निवडलेल्या भाषेनुसार वागणं बदलतात. माणसांसाठीच्या कार्यक्रमात हे हवंच असतं. पण वेब सर्व्हरचं अर्धं बोलणं यंत्रांशी असतं, आणि ते ठरलेल्या शब्दांतच व्हावं लागतं. एचटीटीपीमधली (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांतली) तारीख नेहमी २९ अक्षरांची, इंग्रजी वार आणि महिना असलेली, ग्रिनिचच्या वेळेतली असते. ती बनवायला कुणी सीचं ‘स्ट्रएफटाइम’ वापरलं आणि सर्व्हरच्या प्रक्रियेत एखाद्या मोड्यूलने (वरून जोडलेल्या भागाने) भाषा मराठी करून ठेवली, तर वाराचं नाव देवनागरीत जाईल. वाचायला गोड, पण जगातला एकही ब्राउझर ते तारीख म्हणून ओळखणार नाही. एपीआर वार आणि महिने यांची नावं स्वतःच्या यादीतून घेते, त्यामुळे यंत्रावर कोणतीही भाषा निवडलेली असो, तारीख तीच.

मोठी-लहान लिपी न पाहता शब्द ताडून बघणं हे असंच काम. तुर्की भाषेच्या नियमांत मोठ्या ‘आय’चं लहान रूप बिनटिंबाचं असतं. सर्व्हर त्या भाषेच्या नियमांनी चालला तर ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ (अमुक वेळेनंतर पान बदललं असेल तरच पाठव) हा शीर्षक-शब्द मोठ्या लिपीत आला असता ओळखूच येणार नाही, आणि न बदललेलं पानही पुन्हा पुन्हा पूर्ण पाठवलं जाईल. अपाचेत यासाठी भाषेकडे अजिबात न पाहणारं वेगळं फंक्शन आहे, स्वतःच्या तक्त्यासह.

तक्ताच का, ‘ए’ ते ‘झेड’च्या मध्ये असेल तर ३२ मिळवा असं का नाही? कारण अपाचे १.३ सीमेन्सच्या बीएस२००० या मेनफ्रेमवरही (मोठ्या संगणकावर) चालवला गेला, आणि तिथली लिपीपद्धत ईबीसीडीआयसी होती. तिच्यात इंग्रजी अक्षरं सलग नसतात. ‘आय’ २०१ वर संपते आणि ‘जे’ थेट २०९ वर सुरू होते. ‘आर’ २१७ वर, ‘एस’ २२६ वर. मधली घरं भलत्यांचीच. आपल्या यंत्रावर जे गणित उघड वाटतं, ते दुसरीकडे खोटं ठरतं.

वेळ मोजायचं तसंच. एपीआर वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत, ६४ बिटांच्या संख्येत ठेवते. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला भरतात. सीचा ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ चाच. म्हणून एपीआर संख्यांच्या प्रकारांची नावंसुद्धा स्वतःची ठेवते.

आणि आता मेमरी. या लायब्ररीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट.

सीमध्ये मेमरी मागायची ‘मॅलॉक’ने आणि परत करायची ‘फ्री’ने. परत करायचं राहिलं की ती अडकून पडते. छोट्या कार्यक्रमात फरक पडत नाही, तो संपला की सगळं मोकळं होतं. सर्व्हर मात्र महिनोन्‌महिने चालतो. दर विनंतीला एक किलोबाइट परत द्यायचा राहिला आणि दिवसाला दहा लाख विनंत्या आल्या, तर एका दिवसात जवळजवळ एक गिगाबाइट गेला. आणि विसरायला जागा भरपूर असतात: विनंती अर्ध्यात तुटली, फाइल सापडली नाही, परवानगी नाकारली; प्रत्येक वाटेवर परत करण्याच्या ओळी लिहायच्या.

१९९५ मध्ये रॉबर्ट थाऊ यांनी अपाचेची नवी रचना केली, तिचं कामापुरतं नाव शंभाला. तिच्यात त्यांनी ‘पूल’ (इंग्रजी शब्द), म्हणजे मेमरीचा एकत्र साठा, आणला. आपल्या पंगतीचा हिशेब आठवा. पंगत बसली की प्रत्येकाला पत्रावळ, द्रोण. लागेल तसं आणखी. एकेकाचं जेवण झालं म्हणून कुणी एकेक द्रोण धुऊन जागेवर ठेवत नाही. पंगत उठली की सगळ्या पत्रावळी एकदम गोळा. पूलचं तसंच. विनंती आली की तिच्या नावाचा एक पूल उघडायचा. तिच्यासाठी जी जी मेमरी लागेल ती त्या पूलमधून घ्यायची, परत करायचा विचारच करायचा नाही. विनंती कशीही संपो, यशाने की चुकीने, पूल मोडला की सगळी मेमरी एकदम सुटते. उघडलेली फाइल, जोडलेला सॉकेट (नेटवर्कवरची जोडणी) यांचीही नोंद पूलमध्ये करता येते. मोडताना ती आपोआप बंद होतात. पूलच्या आत पूल असतात: जोडणीचा मोठा, त्यात प्रत्येक विनंतीचा छोटा.

पूल हाताशी असला की मघाचे डबेही लागेनासे होतात. ‘एपीआर_पीस्ट्रकॅट’ला चार तुकडे द्या, ते आधी सगळ्यांची लांबी मोजतं, बरोबर तेवढी जागा पूलमधून घेतं आणि जोडून देतं. उतू जाणं नाही, कापणं नाही.

किंमत आहेच. पंगत लांबली की पत्रावळींचा ढीग वाढतो. एकाच विनंतीत हजारो फेऱ्यांचं आवर्तन असेल आणि प्रत्येक फेरी त्याच पूलमधून मेमरी घेत असेल, तर शेवटापर्यंत काहीच सुटत नाही. सबव्हर्जनच्या कोडमध्ये म्हणून आवर्तनासाठी वेगळा छोटा पूल ठेवून दर फेरीला तो रिकामा करण्याची शिस्त आहे.

एनजिनएक्स या इगोर सिसोएव यांच्या सर्व्हरनेही पूलची कल्पना घेतली, पण मजकुराबाबत वेगळी वाट धरली. त्यात मजकुराबरोबर त्याची लांबी लिहून ठेवतात. शेवटच्या शून्यावर भिस्त नाही, त्यामुळे आलेल्या विनंतीतला एखादा तुकडा न कापता, न उचलता, नुसता ‘इथून इतके बाइट’ असा दाखवता येतो. माझ्या मते आज नव्याने लिहिणाऱ्याने हीच वाट धरावी.

पण पदरचं फंक्शन म्हणजे चुकीचं ओझंही पदरीच. २००९ मध्ये एपीआरच्या पूलमध्येच एक भोक सापडलं. पूल मागणी नेहमी आठच्या पटीत वर नेतो: १३ मागितले तर १६ देतो. आता ३२ बिटांच्या यंत्रावर कुणी ४,२९,४९,६७,२९५ बाइट मागितले, म्हणजे त्या यंत्रावर मावणारी सर्वांत मोठी संख्या, तर वर नेताना ती गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखी फिरून शून्यावर येते. पूल शून्य बाइट देऊन ‘मिळाले’ म्हणतो, आणि मागणारा चार अब्ज मिळाले समजून लिहीत सुटतो. दुरुस्ती छोटी होती: वर नेल्यावर संख्या मूळ मागणीपेक्षा लहान झाली का ते पाहा, झाली असेल तर नकार द्या.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) दोन टिंबं आणि तिरकी रेघ म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’. असे पत्ते जुळवत कुणी संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर पडू नये, म्हणून सर्व्हर पत्ता आधी साफ करतो. सप्टेंबर २०२१ च्या २.४.४९ आवृत्तीत अपाचेने या साफसफाईसाठी नवं फंक्शन आणलं. पत्त्यातलं टिंब सांकेतिक रूपातही लिहिता येतं: टक्क्याची खूण, मग दोन, मग ई. नवं फंक्शन डावीकडून उजवीकडे जात एकेक संकेत उलगडायचं आणि टिंब दिसलं की पुढचं अक्षरही टिंब आहे का पाहायचं. मेख तिथेच होती. पहिलं टिंब साधं आणि दुसरं सांकेतिक लिहिलं, तर पुढे डोकावताना त्याला टक्क्याची खूण दिसायची, टिंब नाही. ते पुढे जायचं. पुढच्या पावलावर तो संकेत उलगडून टिंब व्हायचा, पण तोवर तपासणीची जागा मागे पडलेली. ज्या सर्व्हरवर बाहेरच्या फोल्डरांना मनाई लिहिलेली नव्हती, तिथल्या फाइली कुणालाही वाचता येऊ लागल्या. सीजीआय (सर्व्हरकडून बाहेरचे कार्यक्रम चालवण्याची सोय) चालू असेल तर आज्ञाही चालवता येत होत्या.

४ ऑक्टोबरला २.४.५० आली. तिच्यात ती जोडी पकडली, पण संकेताचाच संकेत केला तर? टक्क्याच्या खुणेपुढचे ‘दोन’ आणि ‘ई’ हेही सांकेतिक लिहिले, तर हे फंक्शन ते एकदा उलगडून टिंबाचा संकेत तयार करायचं, आणि पुढचा टप्पा तो दुसऱ्यांदा उलगडून टिंब करायचा. ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. तीन दिवसांत दोन आवृत्त्या, एका फंक्शनसाठी. पत्ता उलगडायचं काम एकाच जागी, एकदाच व्हायला हवं होतं. दोन फंक्शनं एकमेकांवर विसंबून तेच करत होती.

हे कोड सगळ्यांना खुलं आहे. सी थोडंफार येत असेल तर एपीआरचा ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा फोल्डर उघडा आणि कॉपीस्ट्रएनपासून सुरुवात करा. फंक्शन पडद्याच्या अर्ध्या भागात मावतं आणि स्ट्रएनकॉपीबद्दलची तक्रार टिप्पणीत लिहिलेली आहे. त्याआधी एक प्रयोग करून पाहा. चार ओळींचा कार्यक्रम लिहा: एका कॅरमध्ये ‘म’चा पहिला बाइट ठेवा आणि तो आकडा म्हणून छापा. इंटेलच्या लॅपटॉपवर उणे ३२ येईल. तोच कार्यक्रम, त्याच कंपायलरने, लिनक्स असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवा. तिथे २२४ येईल. सीच्या प्रमाणकाप्रमाणे दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.